राखणदाराचा शिष्य : डॉ. डग्लस हाइड

एखाद्या देशाची भाषा त्याच देशात परकी व्हावी आणि तिला पुन्हा घरात आणण्याचे काम अशा माणसाने हाती घ्यावे, की ज्याच्या स्वतःच्या घरात ती कधी बोललीच जात नव्हती, असा योग इतिहासात क्वचितच येतो. आयर्लंडमध्ये तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्या माणसाचे नाव डग्लस हाइड. कवी, लोककथांचे संग्राहक, प्राध्यापक, 'गेलिक लीग' या भाषासंस्थेचे पहिले अध्यक्ष आणि पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष अशी त्यांची ओळख चरित्रकोशांत सापडते. परंतु या सर्व पदांच्या मुळाशी आहे ती एका खेड्यातील मुलाने शेजारपाजारच्या गरीब माणसांकडून कानाने शिकलेली भाषा, आणि तिच्याशी त्याने आयुष्यभर राखलेले इमान.

डग्लस हाइड यांचा जन्म १७ जानेवारी १८६० रोजी आयर्लंडच्या पश्चिमेकडील रॉस्कॉमन परगण्यात कॅसलरे या गावी झाला. वडील आर्थर हाइड हे प्रॉटेस्टंट पंथाच्या 'चर्च ऑफ आयर्लंड'चे धर्मोपदेशक होते. १८६७ साली त्यांची नेमणूक त्याच परगण्यातील फ्रेंचपार्क येथे झाली आणि हाइड कुटुंब तेथे स्थायिक झाले. आयर्लंडवर त्या काळी ब्रिटिशांचे राज्य होते. जमीनदार, अधिकारी आणि प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक हा वर्ग इंग्रजी बोलणारा, तर भोवतालची कुळे आणि मजूर बहुतांशी कॅथलिक. दोन्ही समाज एकाच गावात राहत असले तरी त्यांची प्रार्थनास्थळे वेगळी होती, उठणेबसणे वेगळे होते आणि पुष्कळदा भाषाही वेगळी होती. डग्लस यांना शिक्षणासाठी डब्लिनच्या एका शाळेत पाठवण्यात आले होते. परंतु गोवर झाल्यामुळे ते थोड्याच काळात घरी परतले आणि पुढचे शिक्षण वडिलांच्या हाताखाली घरीच झाले. लॅटिन व ग्रीक यांचे धडे संपले की हा मुलगा दलदलीच्या माळांवर आणि रानात भटकायला मोकळा असे.

या भटकंतीत त्याची गाठ शेमस हार्ट याच्याशी पडली. हार्ट हा रानातील शिकारीच्या पशुपक्ष्यांची राखण करणारा साधा माणूस. त्याच्या तोंडी आयरिश भाषा होती, तिच्यातील कथा होत्या, म्हणी होत्या, प्रार्थना होत्या. धर्मोपदेशकाच्या मुलाला तो आपल्या बोलीतील शब्द सांगू लागला. गावातील आणखीही काही वृद्ध स्त्री-पुरुषांच्या चुलीपाशी बसून हा मुलगा ऐकत राहिला. व्याकरणाचे पुस्तक त्याच्या हाती नव्हते आणि आयरिश लेखनाचे नियम त्याला ठाऊक नव्हते. त्याने युक्ती केली. कानावर पडलेले उच्चार इंग्रजी अक्षरांच्या वळणाने वहीत उतरवायचे आणि पुन्हा पुन्हा म्हणून पाहायचे. १८७४ च्या सुमारास त्याने दैनंदिनी लिहायला घेतली आणि हळूहळू तिच्या पानांवर अशा घरगुती लिपीतील आयरिश वाक्ये वाढत गेली. १८७५ च्या अखेरीस हार्ट मरण पावला. पंधरा वर्षांच्या डग्लसला तो आघात फार लागला. आपला मित्र गेला, आणि त्याच्याबरोबर भाषाही हातची जाते की काय, अशी त्याची अवस्था झाली. परंतु त्याने अभ्यास सोडला नाही. हार्टने दिलेले आता आपणच राखायचे आहे, ही जाणीव बहुधा तेव्हाच त्याच्या मनात रुजली.

ही धास्ती निराधार नव्हती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने आयर्लंडमध्ये महादुष्काळ ओढवला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मरण पावली आणि तितकीच देश सोडून गेली. मेले ते अधिककरून गरीब, आणि पश्चिमेच्या गरिबांचीच भाषा आयरिश होती. १८५१ च्या जनगणनेत आयरिश जाणणारे सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले. १८९१ पर्यंत ती संख्या सात लाखांच्याही खाली आली. ओस पडलेल्या गावांतून वाचलेल्या माणसांना आपल्या मुलांसाठी एकच वाट दिसत होती, अमेरिकेची; आणि तेथे इंग्रजी लागणार होती. १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण इंग्रजीतून दिले जाई. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवलेली असे. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच पाडायची आणि नंतर खाचा मोजून तितक्या छड्या द्यायच्या. या प्रथेतील सर्वांत दुःखद भाग असा, की घरी ही खाच पाडणारे पुष्कळदा आईवडीलच असत. ते क्रूर नव्हते. मुलाचे भले व्हावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि आपली भाषा त्या भल्याच्या आड येते असे त्यांना कळून चुकले होते, किंवा तसे पटवून देण्यात आले होते. राज्यकर्त्यांच्या धोरणापेक्षाही ही समजूत उखडणे अधिक कठीण होते. हाइड यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचा झगडा तिच्याशीच झाला.

१८८० मध्ये हाइड डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. ग्रीक, लॅटिन, हिब्रू, फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांना अवगत होत्या. आयरिश त्यांना सर्वांत जवळची होती, हे ऐकून सहाध्यायांना नवल वाटे. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा त्यांनी पुरी केली नाही. कायद्याची डॉक्टरेट मिळवली, पण वकिली केली नाही. त्यांचे मन कवितेत आणि लोकवाङ्मयात होते. 'अन क्रीव्हीन ईव्हिन', म्हणजे साजरी डहाळी, या टोपणनावाने त्यांच्या आयरिश कविता नियतकालिकांत प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढे सारा देश त्यांना याच नावाने ओळखू लागला. आयरिश भाषिकांच्या तोंडी ते नुसते 'क्रीव्हीन' झाले.

सुटीत गावी आले की ते वही घेऊन फिरत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा शेतकऱ्यांकडून आणि वाटसरूंकडून त्यांनी कथा, गाणी व प्रार्थना टिपून घेतल्या. १८९० साली 'बिसाइड द फायर' हा लोककथांचा संग्रह निघाला. कथा मुळाबरहुकूम द्याव्यात, त्या कोणी सांगितल्या तेही नोंदवावे, ही शिस्त त्यांनी आयरिश लोककथांच्या अभ्यासाला लावून दिली. मधले एक वर्ष कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठात आधुनिक भाषा शिकवण्यात गेले. १८९३ मध्ये 'लव्ह साँग्ज ऑफ कॉनाक्ट' हे पुस्तक आले. त्यात मूळ आयरिश प्रेमगीते होती आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर होते. या भाषांतराची इंग्रजी हाइड यांनी आयरिश शेतकऱ्याच्या बोलण्याच्या वळणावर बेतली होती. तिचा येट्स, लेडी ग्रेगरी आणि पुढे नाटककार सिंग यांच्यावर खोल परिणाम झाला. आयरिश टिकावी म्हणून लिहिणाऱ्या माणसाच्या हातून आयर्लंडच्या इंग्रजी साहित्यालाही नवे वळण मिळाले. याच वर्षी ल्यूसी कर्ट्झ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि फ्रेंचपार्कजवळच त्यांनी संसार थाटला.

२५ नोव्हेंबर १८९२ रोजी डब्लिन येथे 'नॅशनल लिटररी सोसायटी'चे अध्यक्ष म्हणून हाइड यांनी एक व्याख्यान दिले. आयर्लंडवरील इंग्रजी छाप पुसून काढण्याची गरज हा त्याचा विषय होता. आयरिश माणूस इंग्रजांचा द्वेष करतो आणि त्याच वेळी नाव, पेहराव, वाचन, गाणे आणि बोलणे या सर्वांत त्यांचेच अनुकरण करतो, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. इंग्रजांकडील चांगले घेऊ नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. निवड न करता, परके आहे एवढ्याच कारणाने सारे उचलण्याला त्यांचा विरोध होता. स्वतःचे टाकून दिलेला आणि दुसऱ्याचे पुरते न पचलेला समाज धड कोणाचाच राहत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. हे आवाहन त्यांनी पक्षाच्या व्यासपीठावरून केले नव्हते. ब्रिटनशी संबंध टिकवू पाहणारा आणि ते तोडू पाहणारा, दोघांनाही आपल्या घराची भाषा सारखीच जवळची असू शकते, असा त्यांचा विश्वास होता.

पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १८९३ रोजी, डब्लिनमधील एका खोलीत मोजकी माणसे जमली. इतिहासाचे तरुण अभ्यासक ओइन मॅकनील यांनी ती बैठक बोलावली होती. तेथे 'गेलिक लीग'ची स्थापना झाली आणि हाइड अध्यक्ष झाले. यापूर्वीच्या संस्थांनी आयरिशकडे जुन्या हस्तलिखितांची भाषा म्हणून पाहिले होते. लीगने उद्दिष्ट ठेवले ते बोलण्याचे. फादर यूजीन ओग्राउनी यांचे सोपे धडे पुस्तिकारूपाने निघाले आणि घरोघर गेले. गावोगाव सायंवर्ग सुरू झाले. सायकलवरून फिरते शिक्षक एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ लागले. धडा संपला की गाणे आणि नाच होई. या वर्गांना तरुण-तरुणी एकत्र बसत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. दुकानातील कारकून, शिक्षिका, पोस्टातील नोकर, रेल्वेतील कामगार दिवसभराच्या कामानंतर जुन्या भाषेची नवी मुळाक्षरे गिरवू लागले. १८९७ पासून लीगचा वार्षिक साहित्य-संगीत महोत्सव भरू लागला आणि १८९९ मध्ये तिचे साप्ताहिक निघाले. १९०४ च्या सुमारास शाखांची संख्या ६०० च्या घरात आणि सभासदांची ५० हजारांच्या घरात गेली. पाकिटावरचा पत्ता आयरिशमध्ये लिहिला तर टपालखात्याने तो स्वीकारावा, दुकानाच्या पाटीवर आणि गाडीच्या फळीवर मालकाचे नाव आयरिशमध्ये लिहिता यावे, अशा लहान वाटणाऱ्या गोष्टींसाठी लीगने वाद घातले. रोजच्या व्यवहारातून हद्दपार झालेली भाषा समारंभापुरती उरते, हे तिच्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

खरी लढाई शिक्षणाच्या क्षेत्रात झाली. १८९९ मध्ये माध्यमिक शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे आयरिश हा विषय अभ्यासक्रमातून काढावा की ठेवावा असा प्रश्न आला. ट्रिनिटी कॉलेजचे विख्यात प्राध्यापक महाफी आणि ॲटकिन्सन यांनी आयरिशच्या विरुद्ध साक्ष दिली. विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगे वाङ्मय त्या भाषेत नाही, जे आहे ते एक तर बाष्कळ किंवा अश्लील आहे, असा त्यांच्या साक्षींचा सूर होता. हाइड त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. आपल्या गुरुजनांना त्यांनी रागाने उत्तर दिले नाही. युरोपातील, विशेषतः जर्मनीतील, केल्टिक भाषांच्या मान्यवर पंडितांना त्यांनी पत्रे लिहिली आणि त्यांची लेखी मते मागवून आयोगापुढे ठेवली. ज्या भाषेला तिच्याच देशातील विद्वान कवडीमोल ठरवत होते, तिच्या प्राचीन साहित्यावर परदेशी विद्यापीठांत संशोधन चालले होते. त्या पुराव्यापुढे विरोधकांची बाजू लंगडी पडली. आयरिश अभ्यासक्रमात राहिली. त्याच वर्षी हाइड यांनी आयर्लंडच्या वाङ्मयाचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. शिकवण्याजोगे काय आहे, या प्रश्नाचे ते सविस्तर उत्तर होते. १९०४ मध्ये आयरिश बोलणाऱ्या भागांतील प्राथमिक शाळांना दोन्ही भाषांतून शिकवण्याची मुभा मिळाली. काठीवर खाचा पाडण्याच्या प्रथेनंतरचा हा मोठा पालट होता.

हाइड यांचा स्वभाव मिस्कील आणि माणसांत रमणारा होता. २१ ऑक्टोबर १९०१ रोजी डब्लिनच्या गेएटी थिएटरमध्ये त्यांचे गवताच्या दोराला पीळ घालण्यावरचे एकांकी नाटक सादर झाले. शहरातील व्यावसायिक रंगभूमीवर झालेले आयरिश भाषेतील ते पहिले नाटक मानले जाते. कथा लोककथेतली आहे. एक भटका कवी एका घरात शिरतो आणि गोड शब्दांनी घरच्या उपवर मुलीला भुलवू लागतो. कवीला हाकलावे तर त्याच्या शापाची भीती. मग घरची माणसे त्याला गवताचा दोर वळून देण्याची गळ घालतात. दोर वळणारा माणूस एकेक पाऊल मागे सरकत जातो, तसा तो कवीही सरकत सरकत उंबऱ्याबाहेर जातो आणि दार लावून घेतले जाते. त्या कवीची भूमिका स्वतः हाइड यांनी केली. विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला, लीगचा अध्यक्ष असलेला गृहस्थ रंगमंचावर दोर वळीत मागे मागे जाताना पाहून प्रेक्षकांनी भाषेला वाहिलेले प्रेम हशात आणि टाळ्यांत व्यक्त झाले.

१९०५ च्या नोव्हेंबरात हाइड पत्नीसह अमेरिकेला गेले. दुष्काळात देश सोडून गेलेल्यांची मुले-नातवंडे तेथे स्थिरावली होती. पूर्व किनाऱ्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत त्यांनी सभा घेतल्या आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचीही भेट घेतली. सुमारे सात महिन्यांच्या या दौऱ्यात लीगसाठी दहा हजार पौंडांहून अधिक निधी जमला. तो शिक्षकांच्या वेतनाच्या आणि पुस्तकांच्या उपयोगी पडला. दौरा चालू असतानाच एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. त्या शहराने दिलेल्या निधीतून हाइड यांनी मोठी रक्कम भूकंपग्रस्तांसाठी परत केली.

१९०८ च्या कायद्याने आयर्लंडचे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले आणि १९०९ मध्ये हाइड डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आधुनिक आयरिशचे प्राध्यापक झाले. नव्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आयरिश आवश्यक विषय असावा की नसावा, यावर देशभर वाद पेटला. सक्तीमुळे विद्यार्थी दुरावतील असे एका पक्षाचे मत होते. आवश्यक ठरल्याखेरीज शाळा ती शिकवणारच नाहीत, असे लीगचे म्हणणे होते. कॅथलिक धर्मगुरूंपैकी अनेक वरिष्ठही सक्तीच्या विरोधात होते. अखेर लीगची बाजू मान्य झाली आणि १९१३ पासून प्रवेशासाठी आयरिश आवश्यक ठरली. विजय मोठा होता. परंतु प्रेमाने शिकायची भाषा आता परीक्षेच्या धाकाने शिकली जाणार होती, आणि या गोष्टीचे बरेवाईट परिणाम पुढे दिसायचे होते.

दरम्यान लीगमधील वारे बदलत होते. भाषेच्या वर्गांतून घडलेली तरुण पिढी स्वातंत्र्याची भाषा बोलू लागली होती. लीगच्या साप्ताहिकाचे संपादक राहिलेले आणि द्वैभाषिक शाळा काढून शिक्षणाचे नवे प्रयोग करणारे पॅट्रिक पिअर्स त्यांच्यात अग्रभागी होते. लीगने सर्व पक्षांच्या आणि पंथांच्या लोकांना सामावून घ्यावे हा हाइड यांचा आग्रह त्यांना मवाळ वाटू लागला. १९१५ मध्ये डंडॉक येथील वार्षिक अधिवेशनात स्वतंत्र आयर्लंड हे ध्येय लीगच्या घटनेत घालण्यात आले. हाइड यांनी अध्यक्षपद सोडले. बावीस वर्षे वाढवलेल्या संस्थेतून ते गाजावाजा न करता बाजूला झाले. पुढच्या एप्रिलमध्ये डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला आणि ३ मे १९१६ रोजी पिअर्स यांना गोळ्या घालून देहान्ताची शिक्षा देण्यात आली. उठावाच्या अग्रणींपैकी बहुतेक जण लीगच्या मुशीतून आलेले होते. ज्या चळवळीला हाइड यांनी राजकारणापासून कटाक्षाने दूर ठेवले, तिच्यातूनच आयर्लंडची राजकीय क्रांती उभी राहिली. भाषा हा सर्वांचा समाईक वारसा राहावा असे त्यांना वाटत होते. भाषेची जाण आलेला माणूस स्वातंत्र्य मागितल्याशिवाय राहणार नाही, असे तरुणांना वाटत होते. काळाने तरुणांचे म्हणणे खरे ठरवले, आणि हाइड यांची भीतीही खोटी ठरली नाही; कारण भाषा एका पक्षाची खूण झाली तशी प्रॉटेस्टंट समाजातील पुष्कळ माणसे तिच्यापासून दूर गेली.

१९२२ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश मुक्त राज्याने आयरिशला राष्ट्रभाषेचे स्थान दिले आणि शाळांतून ती सक्तीची केली. हाइड १९३२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवीत राहिले. १९२५ मध्ये काही महिने ते वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. राज्याचा भार मात्र जवळजवळ सगळा शाळेवर पडला. वर्गात मूल आयरिश शिके, पण वर्गाबाहेर दुकानात, बँकेत, कचेरीत आणि बहुतेक घरांत इंग्रजीच चाले. पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिशभाषक खेड्यांतून तरुणांचे स्थलांतर थांबले नाही. पाठांतराने उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या वाढली; चुलीपाशी ती भाषा बोलणाऱ्यांची घटत गेली.

१९३७ मध्ये आयर्लंडने नवे संविधान स्वीकारले. आयरिश ही पहिली अधिकृत भाषा ठरली. भारताच्या संविधानकारांनी राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच संविधानावरून घेतली. राज्यसभेत साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील व्यक्तींना नामनिर्देशित करण्याची तरतूदही आयर्लंडच्या धर्तीवर आली. त्या संविधानानुसार १९३८ मध्ये पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी हाइड यांना वरिष्ठ सभागृहावर नामनिर्देशित केले, आणि लवकरच राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. यादवी युद्धात परस्परांविरुद्ध उभे ठाकलेले दोन्ही प्रमुख पक्ष या नावावर एकत्र आले आणि निवड बिनविरोध झाली. २५ जून १९३८ रोजी डब्लिन कॅसलमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हाइड यांनी आयरिश भाषेत शपथ घेतली. शब्दांचे उच्चार रॉस्कॉमनच्या खेड्यातले होते. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा झाला होता, आणि ब्रिटिश व्हाइसरॉय जेथे राहत त्या वास्तूत तो राहायला गेला.

परंतु सर्वांना सामावून घेण्याच्या त्यांच्या वृत्तीची परीक्षा संपली नव्हती. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते आयर्लंड आणि पोलंड यांच्यातील फुटबॉलचा सामना पाहायला गेले. देशी खेळांची पाठराखण करणाऱ्या 'गेलिक ॲथलेटिक असोसिएशन'ने परकीय खेळांना हजेरी लावण्यास बंदी घातली होती. हाइड त्या संस्थेचे आश्रयदाते होते. संस्थेने त्यांना त्या मानाच्या स्थानावरून दूर केले. आयरिश संस्कृतीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला ती संस्कृती पुरेशी न पाळल्याची शिक्षा मिळाली. हाइड यांनी त्यावर वाद घातला नाही. राष्ट्राध्यक्ष सर्व नागरिकांचा असतो, आणि फुटबॉल पाहणारेही नागरिकच, एवढे त्यांच्या कृतीने सांगून झाले होते. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी ल्यूसी यांचे निधन झाले. १९४० मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने हाइड यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तरीही १९४५ मध्ये मुदत संपेपर्यंत त्यांनी पदाचे काम सांभाळले.

१२ जुलै १९४९ रोजी डग्लस हाइड यांचे निधन झाले. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये प्रॉटेस्टंट विधीनुसार त्यांची अंत्यप्रार्थना झाली. त्या काळी कॅथलिकांना प्रॉटेस्टंट प्रार्थनेत सहभागी होण्यास त्यांच्या धर्मसंस्थेची मनाई होती. त्यामुळे सरकारचे बहुतेक मंत्री आत न जाता बाहेर मोटारींत बसून राहिले आणि प्रार्थना संपल्यावर अंत्ययात्रेत सामील झाले. पंथाच्या भिंती ओलांडून एकाच भाषेच्या छपराखाली साऱ्यांना आणू पाहणाऱ्या माणसाला निरोप देतानाही ती भिंत तशीच उभी होती. ती मनाई पुढील काळात उठली. हाइड यांचा देह फ्रेंचपार्कजवळ पोर्टाहार्ड येथील चर्चच्या आवारात विसावला आहे. लहानपणी त्यांचे वडील जेथे प्रवचन देत, त्याच चर्चमध्ये आता त्यांच्या स्मृतीचे दालन आहे.

हाइड यांच्या कार्याचा हिशेब सोपा नाही. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये १८ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर ती दररोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच निघाले. पहिला आकडा शाळांच्या श्रमाचा आहे. दुसऱ्या आकड्याचे उत्तर घरांनी द्यायचे आहे. त्याच वेळी, १९७० च्या दशकापासून आयर्लंडच्या इंग्रजीभाषक शहरांत एक नवी गोष्ट घडू लागली. सरकारची वाट न पाहता पालकांनीच एकत्र येऊन आयरिश माध्यमाच्या शाळा काढायला सुरुवात केली. 'गेलस्कल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शाळा आज देशभर आहेत. त्यांतील पुष्कळ मुलांच्या घरी आयरिश बोलली जात नाही. काही आईवडील मुलांचे गृहपाठ घेता यावेत म्हणून स्वतः पुन्हा धडे गिरवतात. ज्या समाजात कधी काळी आईबाप मुलाच्या गळ्यातील काठीवर खाच पाडीत होते, त्या समाजात आज आईबाप मुलाकडून एकेक शब्द शिकत आहेत.

फ्रेंचपार्कच्या त्या राखणदाराला आपल्या बोलीचे मोठेपण कोणी सांगितले नव्हते. तिला राजाश्रय नव्हता, तिच्यावर पोट भरत नव्हते, तिची परीक्षा नव्हती. एका मुलाने ऐकायची इच्छा दाखवली आणि त्याने सांगितले. पुढे लीग झाली, विद्यापीठ झाले, संविधान झाले. परंतु डग्लस हाइड यांनी जन्मभर ज्याचा पाठपुरावा केला, ते एवढेच होते : सांगणारा असावा, ऐकणारा असावा, आणि त्या दोघांमध्ये लाज नसावी.